मेमरीचा पहारा कुणी करायचा?
‘सी’ भाषेत मेमरी सांभाळायची जबाबदारी प्रोग्रामरची. त्यातून वेग मिळतो, पण एखादी चूक फार महागात पडते. २०१४ साली उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ दोषात ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शन लायब्ररी समोरच्याने सांगितलेली संदेशाची लांबी पडताळून पाहतच नव्हती. चार अक्षरं पाठवून ६४ किलोबाइट मागितले, तरी शेजारच्या मेमरीतले पासवर्डसुद्धा हाती लागू शकत. ‘रस्ट’ ही भाषा हद्दीबाहेरचं असं वाचन प्रोग्राम चालतानाच रोखते, आणि मेमरीच्या मालकीचे नियम कंपायलर आधीच तपासतो. जावा, पायथनही सुरक्षित आहेत, हा आक्षेप रास्तच. पण त्यांचा, न लागणारी मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर मध्येच वेळ खातो, आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेल्या कर्नलला ते परवडत नाही. रस्ट शिकायला अवघड, कंपाइल व्हायला संथ, हेही खरं. तरी मला हा सौदा पटतो. लिनक्स कर्नलनेही २०२२मध्ये ६.१ आवृत्तीत रस्टला जागा दिली. चालू असलेलं जुनं सी घाईने बदलू नये. बाहेरचा डेटा वाचणारा नवा भाग मात्र रस्टमध्येच लिहावा.