बिल्ला एक, दावेदार दोन

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना पारसिकच्या डोंगराच्या बाजूला महापे लागते. या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या शेजारी आता अशाही इमारती उभ्या आहेत, की ज्यांत माल म्हणून केवळ माहिती साठविलेली असते. पैशांच्या देवघेवीची माहिती देशातच ठेवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने 2018 च्या एप्रिलमध्ये दिला. तेव्हापासून अशा कोठारांचे महत्त्व अधिकच वाढले. आपण भाजीवाल्याला मोबाइलवरून वीस रुपये दिले, तर त्याची नोंद अशाच कोठल्या तरी कोठारात उमटते. तिला धोका चोरापासून आणि आगीपासून, अशी आपली समजूत असते. परंतु तिसराही एक धोका आहे. त्यात कोणाचा हेतू वाईट नसतो, प्रत्येक जण नेमून दिलेलेच काम करीत असतो, आणि तरीही हिशेब बिघडतो. त्याचाच विचार आज आपणांस करावयाचा आहे.

बँकेतला पितळी बिल्ला पुष्कळांना आठवत असेल. चेक दिला की कारकून सतरा नंबरचा बिल्ला हाती ठेवी. आपण बाकावर बसावे, रोखपालाने नंबर पुकारला की बिल्ला देऊन पैसे घ्यावेत. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम साठवणीच्या तबकडीशी असाच व्यवहार करते. 'अमुक पान वाचून दे' अशी मागणी आली की ती तिला एक नंबर देते, मागणी तबकडीकडे धाडते आणि दुसऱ्या कामाला लागते. तबकडी आपल्या सोयीने कामे उरकते आणि 'सतरा झाले' एवढेच कळविते. साध्या साटा तबकडीपाशी एका वेळी 32 मागण्याच राहू शकतात. म्हणजे बिल्ले थोडे; तेच ते पुनःपुन्हा वाटावे लागतात.

आता तबकडी बिघडली तर उत्तर येणारच नाही. म्हणून एक पहारेकरी नेमलेला असतो. लिनक्स या प्रणालीत तो सर्वसाधारणपणे 30 सेकंद वाट पाहतो आणि मग मागणी बुडाली असे समजून ती हाती घेतो. येथेच गाठ पडते. समजा, तिसाव्या सेकंदाला पहारेकऱ्याने पाहिले. सतरा अपुरीच होती. ती रद्द करण्यासाठी त्याने हात उचलला. तेवढ्यात तबकडीचे उत्तर आले, मागणी पुरी झाली, बिल्ला मोकळा होऊन दुसऱ्याला मिळालाही. पहारेकऱ्याचा हात पडला तो सतरावरच. पण सतराचा धनी आता निराळा! निरपराध्याची मागणी रद्द झाली. याच्या उलटही घडू शकते: रद्द झालेल्या मागणीचे उत्तर उशिरा येते आणि एकाचे पान दुसऱ्याच्या हाती पडते.

याला रेस कंडिशन, म्हणजे शर्यतीची अवस्था, म्हणतात. सारा दोष आहे तो पाहणे आणि करणे यांमधल्या क्षणाचा. हा दोष शोधणेही कठीण. हजार वेळा तपासले तरी तो दिसत नाही. टेहळणीसाठी एखादी ओळ वाढवावी, तर तेवढ्यानेच वेळेची गणिते बदलतात आणि तो लपून बसतो. 14 ऑगस्ट 2003 रोजी उत्तर अमेरिकेत सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्या वेळी एका नियंत्रण-कक्षातील धोक्याची सूचना देणारी व्यवस्था अशाच शर्यतीमुळे मुकी झाली होती.

मग उपाय काय? सगळ्यांना मिळून एकच कुलूप लावावे, असे प्रथम सुचते. पण मग एकाचे काम होईतो बाकीचे सारे दाराशी खोळंबतील आणि वेगवान तबकडी विकत घेण्यात अर्थच उरणार नाही. त्यापेक्षा पाहणे आणि करणे यांतला क्षणच नाहीसा करणे बरे. 'अपुरी असेल तरच पुरी अशी खूण कर' ही आज्ञा प्रोसेसर एका दमात, मध्ये कोणालाही शिरू न देता, पाळू शकतो. दोघे धावले तरी खूण एकालाच करता येते. दुसऱ्याने मुकाट्याने माघारी फिरावे.

परंतु एवढ्याने भागत नाही. बिल्ला अवेळी दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. एप्रिल 2018 च्या 4.16 या लिनक्स आवृत्तीत प्रत्येक वाटपाला पिढीचा आकडा देण्याची युक्ती योजली होती: नुसते सतरा नव्हे, तर 'सतरा, पिढी तिसरी'. युक्ती चतुर खरी, पण गुंतागुंतीची. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील 4.18 आवृत्तीत ती काढून साधी मोजणी आणली. मागणी ज्याच्या ज्याच्या हाती आहे त्याची मोजदाद ठेवावी. पहारेकऱ्यानेही आपला आकडा मिळवूनच तिला हात लावावा. आणि मोजणी शून्यावर आल्याखेरीज तो नंबर पुन्हा वाटू नये.

बँकेतला जुना कारकूनही हेच करीत असे. बिल्ला आपल्या हाती परत आल्यावाचून तो दुसऱ्याला देत नसे. महाप्यातल्या कोठारांत यंत्रांचा वेग कितीही वाढो, भाजीवाल्याच्या वीस रुपयांची राखण शेवटी याच शिस्तीवर अवलंबून आहे.