लाल टोपण, केशरी टोपण

संध्याकाळचे सात. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी रुग्णालयाचा पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. ट्रेमध्ये इन्सुलिनची कुपी, स्पिरिटचा कापूस आणि लाल टोपणाच्या बारीक सिरिंज. सिस्टर कुपीवरचं लेबल वाचतात, सिरिंजवरचा आकडा वाचतात, मग पुन्हा लेबल. रबरी बुचातून सुई बाहेर येताना इन्सुलिनचा उग्र, फिनॉलसारखा वास नाकाशी दरवळतो.

"यात घोळ झाला ना, तर अडीच पट जातं," सिरिंज उजेडात धरून त्या म्हणतात.

अडीच पटीचा हिशोब सरळ आहे. आपल्याकडे कुपीतलं बरंचसं इन्सुलिन मिलिलिटरला 40 युनिटचं असतं. पेनमधलं आणि काही कुप्यांमधलं 100 युनिटचं. 40 च्या सिरिंजचं टोपण लाल, 100 च्या सिरिंजचं केशरी. डॉक्टरांनी 20 युनिट लिहिलेत आणि 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर पेशंटच्या अंगात 50 युनिट जातात. उलट झालं तर जेमतेम 8. पहिल्या चुकीत साखर झपाट्याने उतरते: घाम, थरथर, असंबद्ध बडबड, शेवटी बेशुद्धी. दुसरीत ती चढलेलीच राहते आणि कारण न कळल्याने डोस वाढत जातो.

योग्य पेशंट, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाच नियम नर्सिंग शिकताना सुरुवातीलाच पाठ होतात. कस लागतो तो वॉर्डात. शेजारशेजारच्या दोन खाटांवर दोन पाटील आहेत. "तुम्ही पाटील ना?" असं सिस्टर विचारत नाहीत. कानाने अधू म्हातारा कशालाही मान डोलावतो.

"आजोबा, पूर्ण नाव सांगा बरं."

नाव सांगून झालं की केस पेपरावरचा नंबर. तेवढ्यात मागून हाक येते, "सिस्टर, सलाईन संपलं!" फोन वाजतो. कुणाच्या तरी मुलाला एक्स-रे कुठे काढतात ते हवं असतं. सिस्टर मान वर न करता "आले, दोन मिनिटं," म्हणतात आणि सिरिंजवरची रेघ पुन्हा बघतात. तरीही त्या लगेच टोचत नाहीत. साधं इन्सुलिन दिल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न जावं लागतं. "मावशी, जेवणाची गाडी कुठवर आली?" गाडी जिन्यापाशी आल्याचं कळतं, मगच सुई आजोबांच्या पोटाच्या कातडीत शिरते.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो, सर्वसाधारण वॉर्डात पाच पेशंटमागे एक परिचारिका, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक. इथे छत्तीस खाटा, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या, आणि ड्यूटीवर दोघी. अडीच पटीची चूक होऊ द्यायची नाही, ही जबाबदारी मात्र त्या दोघींचीच.

औषधांमुळे होणारी, टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायची, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये ठरवलं. चुकीचं खापर एका माणसावर फोडण्यापेक्षा कामाची रीत सुधारा, हा त्या मोहिमेचा रोख. आपल्याकडे अजूनही अनेकदा पहिला कागद निघतो तो मेमोचा. मग थोडक्यात टळलेली चूक कोण लिहून देणार?

या वॉर्डातही एक टळली होती. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. त्याची अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलशेजारीच ठेवलेली असायची, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. एका नव्या मुलीने पाणी समजून ती उचलली. फोडण्याआधी लेबल वाचलं म्हणून निभावलं. इनचार्ज सिस्टरनी दुसऱ्याच दिवशी तो साठा कुलपात हलवला. त्या प्रसंगाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. कपाटाच्या किल्लीची मात्र दर पाळीला ओव्हर देताना होते.