दुसरी गाठ : किरणांमुळे की योगायोग?

चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला जाऊन आलेल्या पोराला पंधरा दिवसांनी हिवताप आला की आजी लगेच म्हणते, "यात्रेतूनच आणला!" पण गडचिरोलीच्या जंगलातल्या गावात डास घरीही चावतातच ना? मग खरं कसं कळणार? यात्रेला गेलेल्यांपैकी किती जणांना ताप आला ते मोजायचं, आणि घरी राहिलेल्या त्यांच्या भावंडांपैकी किती जणांना आला तेही मोजायचं.

डॉक्टरांनी अगदी असाच हिशेब एका अवघड प्रश्नासाठी मांडला. लहानपणी डोक्यावर किरणांचा शेक घेतलेल्या काही माणसांना पुढे मेंदूत गाठ झाली. ती किरणांमुळे झाली, की तशीही झालीच असती?

गोष्ट इस्राएल देशातली आहे. डोक्यात खवडे झालेली मुलं तुम्ही पाहिली असतील. आमच्या शाळेतही पावसाळ्यात दोन-चार डोकी तशी असतातच. ही एक बुरशी आहे. त्या काळी तिच्यावर पोटात घ्यायचं चांगलं औषध नव्हतं, म्हणून क्ष-किरण देऊन केस गळवत. १९४८ ते १९६० या काळात तिथे हजारो मुलांना असे किरण दिले गेले. खवडे गेले, मुलं मोठी झाली, गोष्ट विसरलीही गेली.

संशोधकांनी मात्र त्यांतल्या १०,८३४ जणांचा माग काढला. शेजारी तुलनेला किरण न घेतलेले तेवढेच लोक घेतले, शिवाय ५,३९२ सख्खी भावंडं. भावंडं का? एकच घर, एकच रक्त, फरक फक्त किरणांचा! १९८८ साली निकाल छापून आला. किरण घेतलेल्यांत मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या ६० गाठी निघाल्या. हे प्रमाण इतरांच्या सुमारे सातपट होतं. मेंदूच्या आवरणाच्या गाठी तर साडेनऊपट. आणि ज्यांना किरण जास्त मिळाले, त्यांना धोकाही जास्त. योगायोग असा मोजूनमापून वाढत नसतो!

पण गंमत बघा, किरण न घेतलेल्यांतही थोड्या गाठी होत्याच. म्हणून एका माणसाकडे बोट दाखवून "हिची गाठ किरणांचीच" असं छातीठोकपणे सांगता येत नाही. गाठीवर काही शिक्का नसतो. डॉक्टर तीन गोष्टी बघतात : गाठ किरण दिलेल्या जागीच आहे का, मध्ये बरीच वर्षं गेली का, आणि ती पहिल्या आजाराहून वेगळ्या जातीची आहे का. जुनाच कर्करोग पसरला असेल तर तो यात धरत नाहीत.

आता पालकांसाठी. हे वाचून कुणी शेक अर्ध्यावर सोडू नये. आपल्या भागातून लोक त्यासाठी नागपूरला, नाहीतर मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात. खवड्यांनी जीव जात नव्हता, मेंदूचा कर्करोग मात्र जीव घेतो. तिथे वीस-तीस वर्षांनंतरच्या लहानशा धोक्यापेक्षा आजचा जीव मोठा. हात मोडल्यावर काढतात त्या एक्स-रेचे किरण तर अगदीच थोडे. खवड्यांना आता गोळ्या मिळतात.

शेक घेतलेल्या मुलाची फाइल मात्र जपून ठेवा, पेटीत, पावसाचं पाणी लागणार नाही अशी. कुठल्या साली, कुठे आणि किती शेक घेतले, हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला त्यातूनच कळणार आहे.