हलकी एंजिन कप्पी

हलकी एंजिन कप्पी : मोटरगाडीच्या एंजिनातील भुजादंडाच्या पुढील टोकावर कारखान्यात बसविलेली बिडाची वा पोलादी कप्पी काढून तिच्या जागी बसविण्यात येणारी ॲल्युमिनियम मिश्रधातूची कप्पी. या कप्पीवरील पट्ट्याने आल्टरनेटर, वातानुकूलनाचा संपीडक आणि पुष्कळ एंजिनांत पाण्याचा पंपही चालतो. गाडीची चपळता वाढविण्याच्या हेतूने मालक हा बदल करून घेतात.

फायदे : एंजिनाचा वेग वाढताना काही शक्ती त्याच्या फिरत्या भागांना वेग देण्यात खर्च होते. कप्पी हलकी झाल्यास तिचे निरूढी परिबल (वेगबदलास होणारा विरोध) घटते व एंजिन लवकर वेग घेते. उदा., ७ सेंमी. त्रिज्येच्या २.५ किग्रॅ. वजनाच्या भरीव कप्पीऐवजी तेवढ्याच त्रिज्येची ०.७ किग्रॅ.ची कप्पी घेतली आणि चाकाची त्रिज्या २८ सेंमी. धरली, तर पहिल्या गिअरमध्ये (एकूण गुणोत्तर १४) होणारा परिणाम गाडीतून सु. ११ किग्रॅ. ओझे उतरविण्याइतका असतो. सर्वांत वरच्या गिअरमध्ये (गुणोत्तर ३.५) तो १ किग्रॅ.हूनही कमी भरतो. एंजिनाची शक्ती मात्र मुळीच वाढत नाही. त्यामुळे नागपूर–तुळजापूर महामार्गावर यवतमाळ ते उमरखेड हे अंतर एकसारख्या वेगाने कापणाऱ्या गाडीला या बदलाचा लाभ जवळजवळ होत नाही.

धोके : पुष्कळ एंजिनांत ही कप्पी केवळ कप्पी नसून कंपन-संदमकही असते. तिच्या मधल्या तुंब्याभोवती रबराचा थर व त्याबाहेर जड कडे असते. सिलिंडरातील प्रत्येक ज्वलनाबरोबर भुजादंडाला किंचित पीळ बसतो व तो उलगडतो. ठराविक वेगांना या आंदोलनांचे अनुस्पंदन होते. जड कडे व रबर मिळून त्यांची ऊर्जा शोषून घेतात. अखंड धातूची हलकी कप्पी हे कार्य करू शकत नाही. परिणामी बोल्ट सैल होणे, तेलपंपाची दंतचक्रे फुटणे आणि शेवटी धातूच्या शिणवट्याने भुजादंडाला तडा जाणे संभवते. लांब भुजादंडाची सहा सिलिंडरांची एका ओळीतील एंजिने आणि ज्वलनदाब अधिक असलेली डीझेल एंजिने यांत हा धोका विशेष असतो. हानी हळूहळू होत असल्याने ती आरंभी जाणवत नाही.

काही हलक्या कप्प्यांचा व्यासही कमी असतो. व्यास एकपंचमांशाने घटल्यास पट्ट्यावर चालणारी उपकरणे तितक्याच प्रमाणात मंद फिरतात. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४४° से.च्या आसपास जाते. अशा वेळी वातानुकूलन चालू ठेवून मंदगतीने जाताना पाण्याचा पंप अपुरा पडून एंजिन तापू शकते. विद्युत् घटमालाही पुरेशी भारित होत नाही.

निवड : तुंबा व कडे यांच्यामध्ये रबराचे वर्तुळ दिसल्यास ती कप्पी संदमक समजावी आणि तिच्या जागी अखंड कप्पी बसवू नये. रबर जुने होऊन भेगाळल्यास त्याच प्रकारची नवी कप्पी घालावी. उत्पादकानेच संदमकाविना साधी कप्पी दिली असल्यास मूळ व्यासाची हलकी कप्पी तुलनेने निर्धोक ठरते.