पोटावरची चरबी आणि कर्करोग

स्थूलता म्हटली की मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार चटकन आठवतात. कर्करोगाचा विचार मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. वास्तविक शरीरातील अतिरिक्त चरबी आणि कर्करोग यांचे नाते आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. अतिरिक्त चरबी टाळल्यास तेरा प्रकारच्या कर्करोगांचा धोका कमी होतो, असा निष्कर्ष तिने काढला. मोठे आतडे, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, गर्भाशयाचे अस्तर आणि रजोनिवृत्तीनंतर होणारा स्तनाचा कर्करोग यांचा त्यात समावेश आहे.

चरबी म्हणजे केवळ साठवून ठेवलेली ऊर्जा, ही समजूत आता मागे पडली आहे. मेदपेशी स्वतः अनेक रासायनिक द्रव्ये निर्माण करतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या बीजकोशातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाची निर्मिती जवळजवळ थांबते. परंतु मेदपेशींमधील अॅरोमॅटेज हे विकर इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करीतच राहते. चरबी जितकी अधिक, तितके हे प्रमाण वाढते आणि स्तन व गर्भाशयाच्या पेशींना वाढीची सतत चिथावणी मिळते.

दुसरा मार्ग इन्शुलिनचा. पोटातील चरबी वाढली की शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते. मग स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात स्रवते. हे जादा इन्शुलिन पेशींच्या विभाजनाला चालना देते आणि सदोष पेशींचा नैसर्गिक मृत्यू लांबवते. त्यातच फुगलेल्या मेदपेशींभोवती संरक्षक पेशी गोळा होऊन मंद दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. अशा दाहामुळे पेशींमधील जनुकीय द्रव्याला इजा पोहोचू शकते.

भारतीयांनी वजनाच्या काट्यावरच विसंबू नये, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे. २००४ मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! त्यामुळेच भारतीयांसाठी कंबरेचा घेर महत्त्वाचा ठरतो. पुरुषांमध्ये तो ९० सेंटिमीटरहून आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरहून अधिक नसावा, असे तज्ज्ञ सांगतात.

अर्थात, प्रत्येक स्थूल व्यक्तीला कर्करोग होतोच असे नाही आणि सडपातळ व्यक्तीला तो होतच नाही असेही नाही. वय आणि आनुवंशिकता बदलता येत नाहीत. कंबरेचा घेर मात्र कमी करता येतो. स्वीडनमधील एका दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या स्थूल स्त्रियांमध्ये कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. पुरुषांमध्ये तसा फरक दिसला नाही. तरीही वाढलेली चरबी आटोक्यात आणण्याचे प्रयत्न वाया जात नाहीत, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल. नियमित व्यायाम आणि मोजका आहार यांची सवय त्यासाठी वेळीच लावून घेणे हिताचे.