गहू ज्यांना सोसत नाही



उसाच्या फडात एखादी सरी पिवळी पडू लागली म्हणजे आपण प्रथम युरिया टाकतो. त्याने हिरवेपणा आला नाही तर कोणी झिंक सांगतो, कोणी फेरस सांगतो. तरीही पीक उठत नाही तेव्हा जाणता शेतकरी कुदळ घेऊन बूड उकरतो आणि मूळ पाहतो. मुळ्या हुमणीने खाल्लेल्या असतील तर वरून टाकलेले खत पिकाच्या अंगी लागायचे कसे?

माणसाच्या शरीराचेही कधी कधी असेच होते. घरी दूधदुभते आहे, ताटात दोन वेळचे अन्न आहे, तरी पोर वाढत नाही. पोट पुढे, हातपाय काड्या. कोणी म्हणतो जंत झाले, कोणी म्हणतो मामाच्या अंगावर गेला, कोणी बाहेरचे काही आहे म्हणून अंगारा आणतो. टॉनिकच्या बाटल्या रिकाम्या होतात, वर्षे निघून जातात. अशा काही मुलांच्या बाबतीत दोष असतो तो रोजच्या पोळीत. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल, म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडत आहोत.

गव्हातला चिकटपणा

लहानपणी शेतात गव्हाचे दाणे तोंडात टाकून बराच वेळ चघळले की शेवटी रबरासारखा गोळा राहतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी केलेले आहे. तो गोळा म्हणजेच ग्लूटेन. गव्हातील हे प्रथिन आहे. त्याच्यामुळेच कणीक ताणली जाते, पोळी फुगते आणि पाव जाळीदार होतो. जव आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी यांत ती नसतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने गहू, धान आणि आपला ऊस ही सारी गवताच्या एकाच कुळातली. पण कुळ एक म्हणून गुण एक असे नाही. चिन्नोरचा भात बोटाला चिकटतो तो त्यातील पिष्टामुळे. ग्लूटेनशी त्याचा संबंध नाही. गूळ आणि साखर यांतही ग्लूटेन नसते.

शेकडा नव्व्याण्णव माणसांना गहू उत्तम पचतो. परंतु काहींच्या शरीराची संरक्षक यंत्रणा ग्लूटेनला शत्रू समजते आणि त्या भांडणात स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक बारीक केस असतात. पिकाच्या तंतुमुळ्या जमिनीतून अन्न घेतात, तसे हे केस अन्नरस शोषून घेतात. ते झडून सपाट झाले की खाल्लेले लोह, चुना, जीवनसत्त्वे अंगी न लागता बाहेर पडतात. या रोगाला सीलिअॅक रोग म्हणतात. तो संसर्गाने होत नाही. त्याची प्रवृत्ती रक्ताच्या नात्यातून येते, आणि ती असणाऱ्या सर्वांनाच रोग होतो असेही नाही.

हॉलंडमधील उपासमारीने दिलेला धडा

रोगाचे वर्णन इंग्लंडचे डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८८ साली स्पष्टपणे केले. आहार सांभाळल्याशिवाय गुण येणार नाही हेही त्यांनी सांगितले. पण नेमके काय टाळायचे, हे पुढे साठ वर्षे उमगले नाही.

हॉलंडमधील हेग शहरात मुलांच्या रुग्णालयात डॉ. विलेम डिके काम करीत होते. गव्हावर त्यांचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी अन्नपुरवठा तोडला आणि हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. लोकांनी ट्युलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. पाव मिळेनासा झाला. सारा देश वाळत असताना सीलिअॅकची मुले मात्र सुधारत होती. पुढे पाव परत आला आणि या मुलांचे दुखणेही परत आले. डिके यांनी पुढे मोजमाप करून हा संबंध सिद्ध केला आणि १९५० साली उट्रेक्ट येथे आपला प्रबंध सादर केला. आजपर्यंत या रोगावर सिद्ध झालेले औषध एकच, ते म्हणजे ग्लूटेनरहित आहार.

आपल्या देशात पुष्कळ दिवस हा गोऱ्या लोकांचा रोग मानला गेला. १९६६ साली उत्तर भारतातील मुलांमधील या रोगावर ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला, तरी तो समज लवकर गेला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात प्रौढांमध्ये शेकडा सव्वाच्या आसपास, ईशान्येत शेकडा एकाच्या थोडे खाली, तर दक्षिणेत हजारी एक असे प्रमाण आढळले. रोगाची आनुवंशिक प्रवृत्ती तिन्हीकडे जवळपास सारखीच होती. गहू खाण्याच्या प्रमाणात मात्र मोठा फरक होता.

आपण धानाचे लोक

आता आपल्या मुलखाकडे वळू. नागझिऱ्याच्या जंगलाभोवती तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी आणि पलीकडे साकोली या तालुक्यांतली गावे आहेत. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी भंडारा-गोंदियाची शेती एकच. ती तळ्यांवर उभी आहे. कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या बांधलेल्या तलावांखाली धान पिकले आणि ऊसही पिकला. साखर कारखाने येण्याच्या कितीतरी आधी येथे उसाचा गूळ होत होता. ताटात भात, पेज, आंबील, तांदळाच्या पिठाचे आयते आणि तळ्यातली मासळी. पोळी-सुवारी म्हणजे सणाचे जेवण.

आता काळ बदलला. कंट्रोलच्या दुकानातून तांदळाबरोबर गहू येतो. चहाबरोबर बिस्किट, टोस्ट आणि खारी आली. पोरांच्या हातात नूडल्स आणि बाजारात समोसा-कचोरी आली. लहान मूल रडले की बिस्किटाचा पुडा हातात दिला जातो. यात बहुतेकांचे काही बिघडत नाही. पण ज्याची प्रवृत्ती आहे त्याला पूर्वी क्वचित लागणारा गहू आता दिवसातून चार वेळा लागतो. भातखाऊ प्रदेशातल्या डॉक्टरच्याही मनात हा रोग चटकन येत नाही. म्हणून घरच्यांनी सावध असलेले बरे.

कोणी शंका घ्यावी

बाळाला गव्हाचे पदार्थ सुरू केल्यावर काही महिन्यांनी वजन वाढायचे थांबले, वारंवार पातळ, तेलकट, घाण वासाचे जुलाब होऊ लागले, पोट फुगले, मूल चिडचिडे झाले, तर शंका घ्यावी. मोठ्या मुलांत कधी कधी जुलाब मुळीच नसतात. उंची खुंटते, मुलीला पाळी उशिरा येते. बायामाणसांत नुसता पांडुरोग असतो, म्हणजे लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही रक्त वाढत नाही. काहींची हाडे लवकर ठिसूळ होतात, काहींचा गर्भ वारंवार पडतो. कोपर, गुडघे यांवर अतिशय खाजणारे बारीक फोड येणे हेही एक रूप आहे. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेला मधुमेही किंवा थायरॉइडचा काही प्रकारचा विकार असलेला माणूस, यांच्यात हा रोग अधिक आढळतो. घरात एकाला असेल तर आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करून घ्यावी.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ आहे. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. तेव्हा रक्त कमी दिसले की सिकलसेलची तपासणी आधी करावी. रक्त कमी असण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा असतो.

तपासणीआधी गहू सोडू नका

हा लेख वाचून कोणी उद्यापासूनच गहू बंद करील, तर ती चूक होईल. रक्तात टी.टी.जी. नावाच्या प्रतिपिंडांची तपासणी करतात. ती सदोष आली तर दुर्बिणीने आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहतात. माणूस आधीच गहू सोडून बसला असेल तर प्रतिपिंडे कमी होतात, आतडे सुधारू लागते आणि रोग असूनही तपासणी चांगली येते. मग आयुष्यभर संशय राहतो. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी तपासणी, मग निदान, आणि नंतर आहारबदल. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लहान मुलाला तेथील बालरोग विभागात दाखवावे. पुढे गरज पडल्यास नागपूरला पोटविकारतज्ज्ञांकडे जाता येते.

निदान पक्के झाल्यावर मात्र पथ्य जन्मभराचे असते. आठ दिवस पाळले, बरे वाटले म्हणून सोडले, असे चालत नाही. पथ्य नीट पाळले तर काही आठवड्यांतच भूक सुधारते, मूल हसू-खेळू लागते आणि वजन काटा चढू लागतो. आतडे पूर्ण भरून यायला महिने लागतात, मोठ्या माणसांत वर्ष-दोन वर्षेही लागतात.

स्वयंपाकघरातील पथ्य

१. कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, बिस्किटे, नूडल्स ही सर्व गव्हाची रूपे आहेत. खपली गहू हाही गहूच. तो हलका म्हणून चालेल असे समजू नये. जव, जवाचे सत्तू आणि मॉल्ट घातलेली दुधातली पावडर वर्ज्य.

२. हिंगाच्या डबीवरील मजकूर वाचावा. बाजारच्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. सोया सॉससारख्या पदार्थांतही गहू असतो.

३. गावच्या चक्कीवर गव्हानंतर दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ येतेच. असे दळण रोग्याला नको. घरी जाते असेल तर उत्तम. नसल्यास तांदूळ धुऊन वाळवून मिक्सरमध्ये दळावा. दोन-चार घरांनी मिळून छोटी घरघंटी वेगळी ठेवली तरी काम भागते.

४. पोळपाट, तवा, चाळणी वेगळी असावी. समोसे तळलेल्या तेलात याची भजी तळू नयेत. रोज पावाच्या तुकड्याच्या चिमूटभर चुऱ्याइतके ग्लूटेन पोटात जात राहिले तरी आतड्याला इजा होते.

५. बाजारच्या पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहिण्यासाठी किलोला वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावे असा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. मात्र अशी महागडी पाकिटे घेतलीच पाहिजेत असे नाही.

आपल्या मुलखातल्या रोग्याचे नशीब येथे बलवत्तर आहे. पंजाबातल्या घरी पोळी बंद म्हणजे अर्धे जेवण बंद. आपल्याकडे भात, आयते, घावन, पोहे, मुरमुरे, तांदळाचे पापड, अनारसे हे सारे बांधीतलेच. एकादशीची भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणाही चालतो. पुरण भाताबरोबर खाल्ले म्हणून पोळा काही कमी गोड होत नाही.

मात्र नुसत्या पांढऱ्या भातावर राहू नये. त्यात लोह आणि चोथा कमी असतो. ज्वारी, नाचणी, डाळी, पालेभाज्या, अंडी आणि मासळी यांची जोड हवी. आणि साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहिताना संकोच न धरता सांगतो, पोळीची जागा गोडधोडाने भरून काढू नये.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज शहराकडचा. वजन उतरते, तजेला येतो म्हणून धडधाकट माणसेही हल्ली गहू सोडतात. रोग नसताना या पथ्याचा विशेष लाभ सिद्ध झालेला नाही. काहींना सीलिअॅक नसूनही गव्हाने पोटाचा त्रास होतो, काहींना गव्हाची अॅलर्जी असते. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. इतरांनी खुशाल पोळी खावी.

दुसरा गैरसमज आपल्या गावाकडचा, आणि तो अधिक नुकसान करणारा आहे. ‘एवढ्याशा पोळीनं काय होते जी?’ म्हणून आजी लाडाने घास भरवते. देवाच्या प्रसादाला नाही म्हणू नये म्हणून शिरा खाऊ घालतात. सासरी नवी सून गहू टाळू लागली की तिला नखरेल ठरवतात. म्हणून मुलीचे आईबाप लग्न ठरेपर्यंत दुखणे झाकून ठेवतात, आणि पोरगी सासरी गुपचूप पोळी खाऊन आतल्या आत झिजते. सोयरीक जुळवतानाच हे मोकळेपणाने सांगावे. पथ्य पाळणारी सून इतर कोणत्याही निरोगी बाईसारखी घर चालवते, शेतीत राबते आणि धडधाकट मुलांची आई होते. देवाला गूळ-खोबऱ्याचा प्रसाद चालतो. तोही तितकाच पवित्र आहे.

नागझिऱ्याचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. पिटेझरी, चोरखमारा या फाटकांवर दूरदूरचे पाहुणे येतात. आजूबाजूच्या गावांत ज्यांच्याकडे पाहुण्यांची जेवणाची सोय आहे, त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. पाहुणा ‘गहू चालत नाही’ म्हणाला तर त्याला वेगळ्या तव्यावरचे आयते आणि बिनहिंगाचे वरण वाढावे. त्यात विशेष खर्च नाही.

सभासदांना शेवटी एवढीच विनंती. या दिवाळीपूर्वी आपापल्या घरातील मुलांची उंची आणि वजन अंगणवाडीत किंवा शाळेत मोजून घ्या आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहा. उसाची वाढ आपण कांड्या मोजून पाहतो. पोरांचीही तशीच मोजावी. जेथे वाढ खुंटलेली दिसेल तेथे टॉनिकची दुसरी बाटली आणण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : याला गहू सोसत नसेल काय?