हमी आणि झिजलेलें बेअरिंग

मोटारीच्या एंजिनांत दट्ट्याचा दांडा क्रँकशाफ्टला जेथें जोडलेला असतो तेथें एक पातळ बेअरिंग बसविलेलें असतें. धातूवर धातू घासूं नये म्हणून त्या सांध्यांत तेलाचा थर अखंड असावा लागतो. तो तुटला कीं बेअरिंग झिजतें, आंतून ठकठक ऐकूं येते आणि अखेर एंजिन अडकून बसतें.

मालक हमीपत्र घेऊन गेला कीं पहिला प्रश्न ठरलेला: तेल वेळेवर बदललें होतें काय? पावत्या कोठें आहेत? प्रश्न गैर नव्हे. तेलाची हेळसांड झाल्यासही झीज अशीच होते. पण पावती नाहीं एवढ्यावरून दोष मालकाचाच, हें अनुमान मात्र कच्चें आहे.

अमेरिकेंत ह्युंदाई कंपनीच्या २०११ व २०१२ सालच्या सोनाटा मोटारींत दोष कारखान्यांतलाच निघाला. क्रँकशाफ्ट घडवितांना पडलेला धातूचा कीस पुरता धुतला गेला नव्हता. त्यानें तेलाची वाट अडविली. सप्टेंबर २०१५ मध्यें कंपनीला सुमारें ४,७०,००० मोटारी तपासणीसाठीं परत बोलवाव्या लागल्या.

तेथील १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणें, तेल कंपनीच्याच दुकानीं पैसे देऊन बदललें पाहिजे, अशी अट हमीला सहसा घालतां येत नाहीं. तेव्हां घरीं तेल बदलणाऱ्यानेंही डब्याची पावती, तारीख आणि मैलांचा आंकडा जपून ठेवावा.